लाजर पुन्हा मेलाच ना जी

शांती शोधायला माणसं सक्करदऱ्यात येतात, हे जुनंच आहे. १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून इथल्या आपल्या वाड्यात आणलं. तेव्हापासून या भागात कुणी ना कुणी आपलं दुःख घेऊन कुणाच्या तरी दाराशी उभं असतं. उमरेड रोडला ताजबाग, पलीकडे रेशीमबाग, आणखी थोडं गेलं की दीक्षाभूमी. या गर्दीत ख्रिस्ती घर एखादंच, आणि बाकीच्यांना त्याची आठवण येते ती नाताळच्या केकपुरती.

या लेखातले दोघे एकाच गल्लीत समोरासमोर राहतात. नावं देत नाही. तसंही गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. सिस्टर मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. रविवारी त्या उपासनेला सदरला जातात. सर महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, त्यांच्या आईनं त्यांना कडेवर घेऊन दीक्षाभूमी गाठली होती. सिस्टरचा आजा त्याच्या कितीतरी आधी मिशनमध्ये गेला होता. दोन्ही घरं मूळची महारवाड्यातली. म्हणजे एकाच दुखण्यावर दोन वेगळ्या वैद्यांचं औषध घेतलेली ही माणसं आहेत, आणि त्यामुळेच त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं. परक्याशी माणूस इतकं मनापासून भांडत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सिस्टरचे मिस्टर गेले. त्याच महिन्यात सरांचा धाकटा भाऊ गेला. कोरोनातलं तेव्हाचं नागपूर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. खाटांसाठी फोन, सिलिंडरसाठी फोन, आणि शेवटी घाटावरसुद्धा नंबर. वाद सुरू झाला तो त्यानंतर. बुधवार बाजारातून भाजी आणली की पिशव्या ओट्यावर ठेवायच्या आणि भांडायचं, अशी यांची पद्धत. मी बहुतेक वेळा ऐकणारा.

सर : एक सांगा सिस्टर. त्या एप्रिलमध्ये तुम्ही प्रार्थना करत होता, मी खाटेसाठी फोन करत होतो. तुमचं माणूस गेलं, माझंही गेलं. मग तुमच्या प्रार्थनेनं केलं काय?

सिस्टर : फोन मी बी करत होती जी. तुमच्यापेक्षा जास्त केले. माझ्या ओळखी होत्या दवाखान्यात.

सर : प्रश्न टाळू नका.

सिस्टर : टाळून नाही रायली. मिस्टर वाचावे म्हणून प्रार्थना केली, ते वाचले नाही. हे तुमाले जेवढं दिसते तेवढं मले बी दिसते.

सर : आणि तरी तुम्ही म्हणता की मला शांती आहे.

सिस्टर : तेव्हा नव्हती. तेव्हा होती असं मी कधी म्हटलं?

इथे मला सिस्टरचं कौतुक वाटतं. भक्तीच्या पुस्तकांत आणि व्यासपीठांवर जी शांती सांगतात, ती संकटाच्या पहिल्याच मिनिटाला हजर होते, इन्स्टंट कॉफीसारखी. सिस्टरचा अनुभव तसा नव्हता आणि तो तसा होता असं त्या भासवतही नाहीत. मिस्टर गेल्यावर पाळकसाहेब धीर द्यायला घरी आले, तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं, आता धीराची वचनं नका वाचू. त्या वेळी त्या वाचत होत्या फक्त ८८ वं स्तोत्र. स्तोत्रसंहितेतली बरीचशी तक्रारीची स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटाकडे उपकारस्तुतीला येतात. ८८ वं मात्र येत नाही. सगळी गाऱ्हाणी सांगून ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कुणा संपादकानं पुढे त्याला गोड शेपूट जोडलं नाही.

सर : म्हणजे तुमच्या पुस्तकात देवाशी भांडायची सोय आहे.

सिस्टर : सोय काय, अख्खा ईयोब आहे. त्याचे मित्र येऊन त्याले समजावतात, तूच काही पाप केलं असशील. आणि शेवटी देव रागावते कोणावर? त्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

सर : पण त्याला उत्तर मिळतं का?

सिस्टर : नाही. देव येते, बोलते, पण काऊन झालं ते नाही सांगत.

सर : मग भगवान बुद्धांनी बरं केलं. किसा गौतमी मेलेलं लेकरू घेऊन आली. त्यांनी सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरली. मोहरी सगळीकडे होती, तसं घर कुठंच नव्हतं. तिला कळलं. चमत्कार नाही, आश्वासन नाही. मी भावाच्या वेळी तेच केलं. गल्लीतली घरं मोजली. मला त्यातून बळ मिळालं, खोटं नाही सांगत.

सिस्टर : मले ती गोष्ट आवडते. पण लाजराची बी ऐका. लाजर मेला, चार दिवस झाले, प्रभू तिथे पोहोचला. थोड्याच वेळात आपण याले उठवणार आहो हे त्याले माहीत होतं. तरी तो रडला. जो उठवणार होता तो आधी काऊन रडला, सांगा.

सर : तुम्हीच सांगा.

सिस्टर : मले वाटते, मरण ही रडायचीच गोष्ट आहे म्हणून. समज आली म्हणून रडणं चूक नाही होत. दवाखान्यात किती जणांले मी म्हटलं असेल, रडू नका, बाळाकडे पाहा. आता नाही म्हणत कोणाले.

सर : ठीक. पण लाजर उठला. तुमचे मिस्टर काऊन नाही उठले?

मी दचकलो. एवढं उघड विचारायचं नसतं. सिस्टर मात्र पिशवीतली मेथी निवडत होत्या, त्यांचा हातही थांबला नाही.

सिस्टर : लाजर पुन्हा मेलाच ना जी एक दिवस. त्याच्या बहिणींनी त्याले दोनदा पुरलं असेल. दुसऱ्यांदा प्रभू आला नाही. त्या बहिणींचा जो विश्वास दुसऱ्या वेळचा होता, मले तो पाहिजे.

या वाक्यावर सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. शुभवर्तमानात लाजराच्या दुसऱ्या मरणाची गोष्ट सांगितलेली नाही, पण ते कधीतरी झालंच असणार. चमत्काराच्या कथेकडे चमत्कारानंतरच्या आयुष्यातून पाहणारी ही बाई कुठल्याही सेमिनरीत शिकलेली नाही.

सर हरल्यावर इतिहासात शिरतात, हा त्यांचा जुना स्वभाव.

सर : तुमच्या टिळकांचं घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळक. इथल्याच नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं काम करत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा भेटला, त्यानं नवा करार हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. टिळकांना शांती मिळाली, मान्य. आणि लक्ष्मीबाईंना? नवरा असून नसल्यासारखा, पदरात लेकरू, लोकांची बोलणी. एकाच्या शांतीचं बिल दुसऱ्यानं भरायचं?

सिस्टर : हे खरं आहे.

सर : बस? खरं आहे, एवढंच?

सिस्टर : मग काय, खोटं म्हणू? 'स्मृतिचित्रे' वाचून मी टिळकांवर लय चिडली होती. पण लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन बाप्तिस्मा नाही घेतला. पाच वर्षं घेतली तिनं. सोवळंओवळं स्वतः तपासलं, स्वतः सोडलं, मग १९०० साली घेतला. आणि पुढे त्याच बाईले १९३३ मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष केलं.

माझं मत असं की अशांत काळातल्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल मराठीत 'स्मृतिचित्रे'इतकं खरं पुस्तक नाही, आणि त्याचं कारण त्यातलं हसू आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याला संत करत नाहीत. त्याचा तापटपणा, विसरभोळेपणा, घरात पैसा न टिकणं, सगळं सांगतात आणि तरी त्याच्यावर प्रेम करतात. उपदेशकाला हे जमत नाही, कारण त्याला श्रोत्यांसमोर सगळं जुळवून दाखवायचं असतं. लक्ष्मीबाईंना काही जुळवायचं नव्हतं. खुद्द टिळकांनाही मिशनची चौकट शेवटपर्यंत मानवली नाही. १९१७ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांनी गेले. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा हा माणूस कुठे पोहोचून शांत बसला, असं त्याच्या चरित्रात दिसत नाही.

हिस्लॉपच्या बाबतीत मात्र गंमत होते. देव न मानणारे सर त्याच्यावर सिस्टरपेक्षा जास्त प्रेम करतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आला, शाळा काढली, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावाचं, हे सर प्रत्येक वर्गाला सांगत आले. नागपूरच्या कारभारातल्या अन्यायावरही तो वर्तमानपत्रांत लिहीत असे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना तो बोरीच्या पुरात बुडाला. घोडा एकटाच परत आला.

सर : इतका भला माणूस. तेव्हा तुमचा देव कुठं होता?

सिस्टर : नदीले पूर होता जी.

सर : हे काय उत्तर झालं?

सिस्टर : विज्ञान तुम्ही शिकवलं ना पोरांले? पावसाळ्यात पूर येते. चांगला माणूस पाहून नदी वाट देत नाही. प्रभूनं तरी कुठं म्हटलं होतं की देईल म्हणून? त्याचा शेवट तर वधस्तंभावर झाला.

आतापर्यंत सिस्टर वरचढ होत्या. पण सरांचा खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो लाजराइतकाच अवघड आहे. बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक निबंध आहे. त्यातली टीका थोडक्यात अशी : अस्पृश्याला मिशननं शिकवलं की माणसाच्या पतनाचं मूळ पापात आहे. मग ज्या समाजव्यवस्थेनं त्याला खाली दाबलं, तिच्यावर उठण्याचं बळ त्याच्यात कुठून येणार? शिवाय जात चर्चच्या दारातून आत आलीच, आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध सार्वजनिक जीवनात फारसा बोलला नाही.

सर : हे मी नाही म्हणत, बाबासाहेब म्हणतात. तुमची शांती म्हणजे गप्प बसण्याचं शिक्षण आहे. आमच्या लोकांनी एका दिवसात मान वर केली. तुम्ही शंभर वर्षं डोळे मिटून होता.

सिस्टर काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या ते कबुलीसारखं होतं.

सिस्टर : जात आत आली, हे खरं आहे. सोयरिकीच्या वेळी आमच्या मंडळीत बी विचारतात, मूळचे कोण. १९७० च्या २९ नोव्हेंबरले इथंच नागपुरात उत्तर भारताचं चर्च एक झालं. सहा वेगवेगळ्या परंपरा एका ठिकाणी आल्या. मी लहान होती. बाबा म्हणाले, आता सगळे एक. मले वाटलं, आता विचारणार नाही कोणी. तरी विचारतात.

सर : मग?

सिस्टर : मग काय. पण गप्प बसायचं शिक्षण मले प्रभूनं दिलं, हे मी नाही मानत. मंदिरात सराफांचे चौरंग उलथवणारा गप्प बसणारा होता का? पंडिता रमाबाईंले घ्या. दुष्काळानं आई, बाप, बहीण खाल्ले. मग भाऊ गेला, नवरा गेला. कुठं शांत बसली ती? इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच सिस्टर लोकांशी भांडली, की माझी सदसद्विवेकबुद्धी मी तुमच्या हाती नाही देणार. १८९६-९७ च्या दुष्काळात या आपल्या मध्यप्रांतात येऊन पोरी घेऊन गेली, केडगावले वाढवल्या, शिकवल्या. बायबलचं भाषांतर केलं आणि त्या बायांकडूनच छापून घेतलं.

सर : रमाबाई अपवाद.

सिस्टर : फादर दिब्रिटो? वसईत जमीन गिळणाऱ्यांच्या विरोधात हरित वसईचं आंदोलन त्यांनी चालवलं. पुढे २०२० ले उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते बी अपवाद?

सर : दोन अपवाद.

सिस्टर : तुम्ही मोजत राहा. तुमच्यात बी सगळेच काही बाबासाहेब नाही झाले. दसऱ्याले दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखांतले किती जण दुसऱ्या दिवशी मान वर करून कामावर जातात, तुम्ही मोजलं का?

हे सरांना लागलं. ते उठून आत गेले, पाणी घेऊन आले, दोघांना दिलं. यांच्या भांडणात एवढी पद्धत पाळली जाते.

मला या वादात दोघांचंही पुरतं पटत नाही. सरांचा रोख योग्य आहे. श्रद्धेच्या नावानं माणसांना निमूट ठेवण्याचा धंदा जगात सगळ्याच धर्मांत चालतो, आणि ख्रिस्ती धर्मात तो राज्यकर्त्यांच्या सोबतीनं चालला हेही खरं. पण सिस्टरची शांती त्यात बसत नाही, कारण त्यांच्या शांतीत तक्रार आहे. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये तीन तास वधस्तंभावरचे सप्तोद्गार ऐकतात. त्यांतला एक उद्गार देवानंच आपल्याला टाकलं, या आक्रोशाचा. ज्या धर्माचा प्रभू असा आक्रोश करून मरतो, त्या धर्मात टाहो फोडणं हा अविश्वास ठरत नाही. सिस्टर दर वर्षी ते तीन तास बसतात, डब्यात काही न नेता. मिस्टर गेल्यानंतरच्या वर्षी त्या प्रथमच तिथे मोठ्यानं रडल्या आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा झोप लागली. याला शांती म्हणायचं की थकवा, हे सर विचारतात.

सर : रडल्यावर झोप कुणालाही लागते. त्यात देव कशाला?

सिस्टर : माझं रडणं कोणी ऐकते म्हणून.

सर : हे तुम्ही गृहीत धरता.

सिस्टर : हाव, धरते. सिद्ध नाही करू शकत. तुम्ही विपश्यनेले दहा दिवस बसून आले, तेव्हा श्वासाकडे पाहत होते. मी बी पाहते, फक्त मले वाटते की तिकडून बी कोणी पाहून रायलं. चूक असली तर तुमचं काय गेलं?

सर : माझं काही नाही गेलं. पण असं वाटल्यामुळे माणूस दवाखान्याच्या ऐवजी तेल लावणाऱ्या बुवाकडे जातो, तेव्हा जातं.

सिस्टर : त्यांच्याशी मी तुमच्यापेक्षा जास्त भांडली आहे. आमच्याच काही लोकांनी लस घेऊ नका म्हणून प्रार्थनासभेत सांगितलं होतं. आठवते ना कोण उठून उभं रायलं होतं?

आठवतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या लसीला घाबरत होत्या. सर आपल्या मोबाइलवर एकेकीची कोविनवर नोंदणी करायचे आणि सिस्टर हाताला धरून केंद्रावर न्यायच्या. सुई टोचताना ज्या बाया देवाचं नाव घ्यायच्या, त्यांना कुठल्या देवाचं घ्यावं हे सिस्टर सांगत नसत. सरही त्या वेळी धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांवर बोलत नसत. दोघांचं तत्त्वज्ञान तेव्हा रांगेत मागे उभं होतं.

हल्ली वाद नव्या जागी आला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. धर्मांतरित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. सिस्टरच्या मंडळीतल्या काही जणांना आयोगाकडे निवेदन पाठवायचं होतं आणि मसुदा लिहायला मराठी चांगली असलेला माणूस हवा होता. सिस्टर थेट समोरच्या घरी गेल्या. एकाच वाड्यातून निघालेल्या दोन घरांतलं एक यादीत आहे आणि एक नाही, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

सर : ख्रिस्ती झालं की जात जाते असं तुमचेच लोक सांगत आले. आता जातीचा दाखला कशाला?

सिस्टर : गेली असती तर कशाले मागितला असता? मागे तुम्हीच म्हणत होते, जात चर्चच्या दारातून आत आली म्हणून.

सर : ते वेगळ्या मुद्द्यावर म्हटलं होतं. आमच्या पोरांच्या जागा आधीच कमी आहेत. उद्या वाटेकरी वाढले तर? आमच्यातले पुष्कळ लोक याला विरोध करतात, आणि तो काही धर्मद्वेषातून नाही.

सिस्टर : मले माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडे आली. जो विरोधात आहे त्यानं मसुदा वाचला तर कच्चे दुवे दिसतील.

सर : तुम्ही तर शांतीवाल्या. अर्ज-निवेदनं, आयोग, हे कुठून शिकल्या?

सिस्टर : बाबासाहेबांकडून. तुमचाच पाचवा खंड तुम्ही मले वाचायले दिला होता, विसरले का? त्यात त्यांनी आम्हाले विचारलं, तुम्ही बोलत काऊन नाही. तर आता बोलून रायलो.

सरांनी चष्मा लावला, मसुदा दोनदा वाचला. तिसऱ्या परिच्छेदाखाली लाल रेघ ओढली, 'कृपया' तीन वेळा आलं होतं ते दोन ठिकाणी खोडलं आणि म्हणाले, लिहून देतो, पण मी सहमत नाही, हे लक्षात ठेवा.

"सहमती कोण मागून रायलं?" सिस्टर म्हणाल्या. "शुद्धलेखन तेवढं पाहा. आणि ते उरलेलं 'कृपया' बी काढून टाका."